बस आंटीचं फिरतं घर

आंटीचं नाव कार्मेलीन आहे हे मला पाचवीत असताना कळलं. तोवर ती नुसती आंटी होती. शारजातल्या आमच्या शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या जोडीला एक बाई असायची. मुलांना चढवणं, उतरवणं, भांडणं सोडवणं, ओकाऱ्या निस्तरणं ही तिची कामं. आमच्या बसवर ही होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, शाळेचा राखाडी कोट घातलेली, गळ्यापाशी पावडरचा पांढरा पट्टा. भाषा म्हणाल तर वसईचं मराठी, त्यात हिंदी, त्यात अरबी, आणि रागावली की सगळंच एकदम.

"यल्ला, यल्ला, दप्तर मांडीवर घे. दप्तर काय तुझा सासरा लागतो, त्याला वेगळी सीट?" हे ती पहिलीतल्या पोरालाही म्हणायची. बसमध्ये कुणी रडायला लागलं तर तिचा एक ठरलेला उपाय होता: "रडायचं ना? रड. पण खिडकीकडे तोंड करून. बाहेर बघत रडलं की लवकर संपतं." ते खरंच लवकर संपायचं. कोटाच्या खिशात मीठ लावलेली लिंबाची फोड असायची, ज्यांना बस लागते त्यांच्यासाठी. आणि शेवटचं मूल उतरल्यावर ती पाठीमागच्या सीटपर्यंत चालत जाऊन प्रत्येक सीटखाली वाकून बघायची. उन्हाळ्यात बंद बसमध्ये झोपलेलं मूल राहून गेलं तर काय होतं, हे इथल्या प्रत्येक आईला माहीत असतं. आंटीला ही सवय इतकी जडली होती की पुढे आमच्या घरी हळदीकुंकवाला आली तरी निघताना सोफ्याखाली डोकावून जायची. माझी आई म्हणायची, "कार्मेलीनताई, सगळी पोरं घरी गेलीत हो!"

आता आंटी नाही. मागल्या वर्षी वसईला गेली, आणि तिथेच गेली. तिची आठवण आली की मला आधी हसू येतं आणि पाठोपाठ लाज वाटते. लाज कुणाची, हे सांगायला थोडं मागे जायला हवं.

पाचवीत असताना एकदा मला घ्यायला बसस्टॉपवर कुणीच आलं नाही. आईला दवाखान्यात उशीर झाला होता. घरचं माणूस असल्याशिवाय मूल सोडायचं नाही असा नियम. बाकीची मुलं उतरल्यावर ड्रायव्हर बस घेऊन गेले, आंटी माझ्याबरोबर तासभर स्टॉपवर थांबली आणि शेवटी मला तिच्या घरी घेऊन गेली. शारजातल्याच रोला बाजाराच्या मागे एका जुन्या इमारतीत त्यांची एक खोली होती. तिने बेल वाजवली. दार उघडलं आमच्या वर्गातल्या रॉयने. अंगात बनियन, हातात पाव. तो आंटीला म्हणाला, "मम्मी, आज लेट?" आणि मग त्याला मी दिसले.

रॉय माझ्याच वर्गात होता. रोज माझ्याच बसमध्ये असायचा, शेवटच्या सीटवर. आणि इतकी वर्षं तो तिला माझ्यासारखंच 'आंटी' म्हणत आला होता. एकदा त्याला बसमध्ये ताप भरला होता, तेव्हाही "आंटी, पाणी" असंच म्हणाला होता, आणि तिने त्याला पाणी दिलं होतं ते इतर कुणालाही द्यावं तसंच. ड्रायव्हर इनास अंकल हे त्याचे वडील, हेही मला त्याच दिवशी कळलं. ते आतून लुंगीवर बाहेर आले आणि मला म्हणाले, "अरे वा, आज स्टॉप बदलला?"

परत निघताना रॉय जिन्यापर्यंत आला. "Please don't tell in class," एवढंच म्हणाला. मी सांगितलं नाही. मुलांना असली गुपितं ठेवायला आवडतात, त्यात माझं काही मोठेपण नव्हतं.

मग शाळा संपली, कॉलेजसाठी मी पुण्याला गेले, परत आले आणि जबल अलीला एका कंपनीत चिकटले. आंटी माझ्या डोक्यातून पार गेली होती. मग बऱ्याच वर्षांनी एका रविवारी मी जबल अलीच्या मंदिरातून बाहेर पडले. तिथे मंदिर, गुरुद्वारा आणि चर्च अगदी शेजारी शेजारी आहेत. चर्चच्या बाजूला पार्किंगमध्ये एक भलीमोठी पांढरी कॅरव्हॅन उभी होती, म्हणजे आतमध्ये बिछाना, चूल, न्हाणीघर असलेली गाडी. तिच्या पायरीवर एक बाई फरसबी निवडत बसली होती. तिने मान वर केली, एकदाच बघितलं आणि म्हणाली, "मेघना. डावीकडची खिडकी. चिंचेच्या गोळ्या खाऊन सीटला हात पुसायची."

मी तिथेच पर्स खाली टाकून तिच्या गळ्यात पडले.

दोघं रिटायर झाली होती आणि त्या गाडीतच राहत होती. सुट्टीपुरती नाही, बारा महिने. देश सोडून निघालेल्या एका जर्मन माणसाकडून अंकलनी ती घेतली होती. हिवाळ्यात आज अल कुद्राचं वाळवंट, पुढच्या आठवड्यात फुजैराचा समुद्र, मग हत्ताचे डोंगर. उन्हाळ्यात अल धैदला एका ओळखीच्या शेतावर, तिथे एसीला वीज मिळायची. रविवारी मात्र कुठूनही जबल अलीला, चर्चमधल्या मिस्सेसाठी, म्हणजे प्रार्थनेसाठी. गाडीत एक पलंग, एक बाक, दोन शेगड्या, वर क्रूस आणि खाली कांद्याबटाट्याची टोपली. अंकल मला गाडी दाखवताना बंगला दाखवावा तसे दाखवत होते. "हा हॉल. एक पाऊल टाक. आता तू किचनमध्ये आहेस. अजून एक टाकलंस तर बाथरूममध्ये जाशील, जपून."

"लोकं म्हणतात वसईला जा," आंटी म्हणाली. "वसईला दिराचं घर आहे. चार दिवस पाहुणे म्हणून बरे. कायमचे गेलो तर ते पण कंटाळतील, आम्ही पण. त्यापेक्षा हे बरं. शेजारी आवडला नाही तर चावी फिरवायची, खलास."

मी विचारलं, "आणि रॉय?"

रॉय दुबई मरीनाला राहत होता, चाळिसाव्या मजल्यावर. मोठ्या हुद्द्यावर होता. आईवडिलांचा व्हिसा त्याच्या नावावर होता, म्हणजे कागदोपत्री दोघं त्याच्याच घरी राहत होती. "खूप करतो तो आमचं," आंटी लगेच म्हणाली. "औषधं, इन्शुरन्स, गाडीचा एसी, सगळं तोच बघतो. दर शुक्रवारी सामान आणून देतो." हे खरंच होतं. रॉयला कुणी वाईट मुलगा म्हणू शकणार नाही. म्हणूनच हे सांगणं अवघड आहे.

ती चहा करायला आत गेली तेव्हा अंकलनी मला बाहेर हळू आवाजात सांगितलं. रिटायर झाल्यावर आधी ते रॉयकडेच राहायला गेले होते. एक दिवस तिघं लिफ्टमधून खाली येत होते. शेजारच्या फ्लॅटमधली एक बाई आत शिरली. तिने आंटीकडे बघून विचारलं, "माझी मेड सुट्टीवर गेली आहे. तुला दुपारी वेळ असतो का?" रॉय तिथेच उभा होता. तो फोनमध्ये बघत राहिला. आंटी म्हणाली, "सॉरी मॅडम, नो टाइम." लिफ्ट खाली पोचली. पुढच्या महिन्यात अंकलनी गाडी शोधायला सुरुवात केली.

मला इतका संताप आला की आंटी कप घेऊन बाहेर आल्यावर मी गप्प राहू शकले नाही. तिने अंकलकडे रागाने पाहिलं आणि मग मला म्हणाली, "तो तरी काय करणार बाय? लिफ्ट होती. लिफ्टमध्ये सगळ्यांची तोंडं दाराकडेच असतात."

त्यानंतर मी त्यांच्याकडे बऱ्याचदा जायला लागले. आणि मग मला नाताळची भानगड कळली.

रॉयने लग्न ठरवताना बायकोच्या माहेरी सांगितलं होतं की वडिलांचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय होता, आई वसईत शाळेत शिक्षिका होती, आणि आता दोघं वसईच्या बंगल्यात सुखाने राहतात. बायको नॅटली, वांद्र्याची. तिला लग्नानंतर खरं कळलं, पण तोवर ते इतक्या जणांना सांगून झालं होतं की तिनेही तेच पुढे चालवलं. नॅटलीचे आईवडील दर नाताळाला मुंबईहून यायचे. मग या दोघांनाही 'वसईहून' यावं लागायचं.

म्हणजे काय करायचं, तर गाडी जबल अलीला लावायची, दोन मोठ्या सुटकेसा भरायच्या आणि मेट्रोने मरीनाला जायचं. सुटकेसांना जुन्या प्रवासाची विमानाची पट्टी तशीच ठेवलेली. "फाटली तर काय करायचं ग?" आंटीने मला एकदा अगदी काळजीने विचारलं होतं. दारात शिरल्यावर अंकल 'हुश्श' करून बसायचे आणि म्हणायचे, "फ्लाइट फुल होती." हे वाक्य त्यांनी स्वतःहून जोडलं होतं. त्यांना या नाटकात थोडी मजा येत असे. आंटीला अजिबात येत नसे.

तिची खरी परीक्षा सुकेळ्यांची. वसईहून माणूस येणार आणि सुकेळी आणणार नाही, हे होऊच शकत नाही. राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवायची, रोज उलटायची, रात्री झाकायची, मधासारखी तांबूस झाली की केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपात बांधायची. नॅटलीच्या आईने पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "तुमच्या हातची सुकेळी पाहिजेत हं!" इथे राजेळी कुठून आणणार? आंटी दुबईतल्या करामाच्या मलबारी दुकानातून नेंद्र केळी आणायची, ती त्यातल्या त्यात जवळची. नोव्हेंबरमध्ये गाडी कुद्राला उभी करून टपावर चटई पसरायची, वर मच्छरदाणी. साठीची बाई शिडीवर चढून केळी उलटतेय आणि अंकल खालून ओरडतायत, "पडशील गं, मग वसईहून येणार कोण?"

तरी वाळू जायचीच. एका नाताळात नॅटलीच्या आईने सुकेळं चावलं आणि म्हणाली, "चव अगदी तीच! पण जरा कचकच लागते का?" अंकल म्हणाले, "किनारा जवळ आहे ना आमच्या." सगळे हसले. हे मला अंकलनीच सांगितलं, तेही हसत हसत. आंटी मात्र उठून गाडीच्या मागे गेली आणि बराच वेळ आली नाही.

तिला खोटं बोलण्याची खरीखुरी लाज वाटायची. नाताळाआधी ती चर्चमध्ये कन्फेशनला जायची, पाप कबूल करायची. "फादर, मी खोटं बोलते." फादरने विचारलं, "परत बोलणार नाही ना?" आंटी म्हणाली, "बोलणार, फादर. पंचवीस तारखेला." फादर हसले असतील बिचारे. पण परत करायचं ठरवून कबूल केलेलं पाप कसलं, असं तिच्या मनाने घेतलं. त्या वर्षीपासून तिने नाताळाच्या मिस्सेला प्रसाद घेणं सोडलं. सगळे रांगेत पुढे जायचे, ही बाकावर गुडघे टेकून बसायची. ज्या बाईने जन्मात कधी मिस्सा चुकवली नाही, तिला वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी बाकावर बसून राहावं लागत होतं, आणि तिच्या शेजारून मुलगा रांगेत जात होता. रॉयने एकदाही विचारलं नाही की मम्मी तू का उठत नाहीस.

"तू त्याला स्पष्ट सांग ना," मी म्हणाले. "एकदा लोकांसमोर म्हणू दे की ही माझी आई, बस आंटी होती, आणि गाडीत राहते. बाकी काय पाहिजे तुला?"

"बाकी काही नको," आंटी म्हणाली. "पण मी कुठल्या तोंडाने सांगू? मीच शिकवलंय त्याला."

आणि मग तिने सांगितलं. रॉय केजीत लागला तेव्हाची गोष्ट. स्टाफच्या मुलांना फी कमी होती, आणि बाकीच्या मुलांच्या आया टपलेल्या असायच्या. आंटीच्या मुलाला खिडकी मिळते का, त्याला आधी उतरवते का. तक्रार झाली तर तिची नोकरी जायची आणि त्याची शाळा. म्हणून पहिल्या दिवशी घरून निघतानाच तिने त्याला बजावलं, "बसमध्ये मला मम्मी म्हणायचं नाही. सगळे म्हणतात ते म्हणायचं." चार वर्षांचं पोर. बसमध्ये बसल्यावर विसरला. मागून हाक मारली, "मम्मी." हिने वळून बघितलं नाही. परत मारली. हिने दुसऱ्या मुलाच्या बुटाची नाडी बांधायला घेतली. तो ओरडून रडायला लागला, तरी नाही. शेवटी हुंदके देत म्हणाला, "आंटी." तेव्हा ही वळली आणि म्हणाली, "हां बेटा, बोलो."

"शहाणा मुलगा," आंटी म्हणाली. "एकदाच शिकवलं. परत कधी चुकला नाही."

अंकल गाडीची काच पुसत होते, ती आधीच स्वच्छ होती.

त्याच वर्षीच्या नाताळाला आंटीने मला रॉयच्या घरी जेवायला बोलावलं. रॉयला नाही म्हणता येईना. त्याने आदल्या दिवशी मला फोन केला. "मेघना, great that you're coming. You know the setup, right? They've flown in from Vasai." मी म्हटलं, "माहीत आहे." फोन ठेवल्यावर मला त्याची कीव आली. छत्तीस वर्षांचा माणूस अजूनही मला तेच सांगत होता, वर्गात सांगू नकोस.

घर सुंदर होतं. काचेतून खाली होड्या दिसत होत्या. नॅटलीचे आईवडील सोफ्यावर, रॉयच्या ऑफिसातली चारदोन माणसं, कोपऱ्यात बाळ येशूचा गोठा सजवलेला. अंकल सूट घालून बसले होते आणि कुणालातरी वसईच्या पाण्याच्या टंचाईबद्दल सांगत होते. आंटी निळ्या रेशमी ड्रेसमध्ये. स्वयंपाकघरातून गरम फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, ताट घेऊन ती बाहेर आली, आणि त्याच वेळी दारातून रॉयच्या ऑफिसात नवीन लागलेली एक मुलगी आत शिरली. केरळची, अंजू नावाची. हातात केकचा डबा.

तिने आंटीला पाहिलं आणि डबा तसाच टेबलावर ठेवून धावलीच.

"बस आंटी! ओ माय गॉड, बस आंटी! मैं अंजू! रोज उलटी करती थी, आप गोदी में बिठाके लिंबू देते थे! याद है?"

फुगे ताटात घरंगळले. अंजूने आंटीला मिठी मारली होती. नॅटलीच्या आईने नवऱ्याकडे बघितलं. "बस आंटी?" ती म्हणाली. "या तर वसईला टीचर होत्या ना, रॉय?"

सगळ्यांनी रॉयकडे बघितलं. तो टेबलापाशी उभा होता, हातात मांस कापायची सुरी. आंटीनेही त्याच्याकडेच पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मला सांगवत नाही. ती वाट बघत होती. एका वाक्याचं काम होतं. हो, ही माझी मम्मी, आमच्या बसवर होती. बस. एवढंच.

रॉयने मान खाली घातली आणि कापायला सुरुवात केली.

तेव्हा आंटीने अंजूचे हात हळूच स्वतःच्या गळ्यातून सोडवले आणि कधी नव्हे त्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "You are mistaken, dear. I am from Vasai."

जी बाई वीस वर्षांनी मला चिंचेच्या गोळ्यांसकट ओळखते, तिने मांडीवर नेलेल्या पोरीला ओळख दिली नाही. अंजूचा चेहरा पडला. "सॉरी मॅम," ती पुटपुटली, "सॉरी, my mistake, आप वैसे ही दिखते हैं..." आणि एका खुर्चीवर जाऊन अवघडून बसली. कुणीतरी मोठ्याने हवामानाबद्दल बोलायला लागलं. त्या खोलीत ज्याला ज्याला खरं माहीत होतं त्या प्रत्येकाची मला लाज वाटत होती.

मी आंटीच्या मागे स्वयंपाकघरात गेले. तिने नळ सोडून ठेवला होता आणि नुसती उभी होती.

"तिचं तोंड बघितलंस?" ती म्हणाली. "तिने काय केलं होतं ग? प्रेमाने आली ना माझ्याकडे? आणि माफी तिने मागितली. तिने!"

"आंटी, बस थोडा वेळ."

"नाही. एका पोराला मी एकदा असं केलं, त्याची फळं समोर आहेत. परत दुसऱ्याला नाही करणार."

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि बाहेर गेली. सरळ अंजूसमोर जाऊन उभी राहिली. आवाज एकदम बसमधला.

"अंजू, तू गलत नहीं है. मैं झूठ बोली. मैं वही बस आंटी है. तू आगे बैठती थी, तेरा टिफिन में हमेशा पुट्टू रहता था. और ये रॉय मेरा बेटा. ये भी उसी बस में था, पीछे बैठता था."

मग नॅटलीच्या आईकडे वळली. "मी शिक्षिका नव्हते. आम्ही वसईहून येत नाही. माफ करा. सुकेळी पण वसईची नाहीत."

मग सोफ्यावरून इनास अंकल उठले, सूटचं बटण लावलं आणि म्हणाले, "आणि मी त्या बसचा ड्रायव्हर."

नॅटलीची आई सोफ्यावरून पुढे सरकली. आता ही काय बोलते, असं मला झालं. ती म्हणाली, "मग सुकेळी करता कुठे तुम्ही?"

"गाडीच्या टपावर. आम्ही कॅरव्हॅनमध्ये राहतो. जबल अलीला उभी आहे."

"अय्या! बघायला मिळेल?"

एवढंच. ज्या गोष्टीसाठी एका बाईने नाताळाचा प्रसाद सोडला होता, तिची किंमत त्या बाईंच्या लेखी एवढीच होती. कुणाला त्याचं काही पडलेलंच नव्हतं. "माझे वडील गोदीत क्रेन चालवायचे," असं त्या जाता जाता सांगून मोकळ्याही झाल्या. अंजू रडत होती आणि हसत होती आणि आंटीचा हात सोडत नव्हती. मला वाटलं आता रॉय सुटला, आता येईल पुढे. तो उभाच होता. मग आंटीजवळ आला, ओठ हलले, आणि त्याच्या तोंडून निघालं, "सॉरी, आंटी."

त्यालाही ते ऐकू आलं असावं. तो तडक आतल्या खोलीत निघून गेला.

जेवणं कशीबशी उरकून आम्ही दोन गाड्यांतून जबल अलीला गेलो. रॉय म्हणाला, मी येतो मागून. अंकल व्याह्यांना घेऊन शिडी दाखवायला, टप दाखवायला गेले. हॉल, किचन, जपून, बाथरूम, सगळं परत झालं. नॅटलीची आई खरोखर शिडीवर चढली आणि खालून नॅटली किंचाळायला लागली. अंजू तिचे फोटो काढत होती. आंटी आत भांडी लावत होती, मी पायरीवर उभी होते.

तेवढ्यात रॉयची गाडी आली. तो उतरला, थोडा वेळ तिथेच घुटमळला आणि मग आला. मी बाजूला झाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला पायरी किती उंच आहे ते माहीत नाही. दर शुक्रवारी यायचा तो सामान खिडकीतून देऊन जायचा. गाडीच्या आत त्याने इतक्या वर्षांत कधी पाऊल टाकलं नव्हतं. तो वाकून आत शिरला तरी डोकं वर आपटलंच.

आंटी वळली. तिला तो दिसला आणि ती एकदम गडबडली. मला वाटलं होतं रागावेल, रडेल, त्याला जवळ घेईल. तिने पदर नव्हता म्हणून ड्रेसच्या टोकाने बाक पुसला.

"सॉरी हां," ती म्हणाली. "पसारा आहे जरा. तू येणार माहीत नव्हतं."

"It's nice," रॉय म्हणाला. गुडघे जवळ घेऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो बाकाच्या कडेला बसला.

मी दार ओढून घेणार होते, पण तेवढ्यात जे दिसलं त्याने माझा हात तसाच राहिला. त्यानंतर नवीन वर्षात ती वसईला गेली, दिराच्या घरी पाहुणी म्हणून, आणि मी तिला पुन्हा पाहिलं नाही. तेव्हा माझ्यासाठी तिला शेवटचं बघणं ते तेवढंच आहे. तिने वरच्या फळीवरून काचेचा एक चांगला ग्लास काढला, जो ती कधी वापरायची नाही. तो विसळला, पुसला, त्यात पाणी ओतलं. मग एक बशी शोधली, ग्लास बशीत ठेवला, आणि परक्या माणसाला देतात तसा दोन्ही हातांनी मुलासमोर धरला.